श्री. व सौ. : नोंद एक की दोन?

विषय अगदी साधा आहे, तरी गेले दोन महिने डोक्यात भुणभुणतोय. फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरवर पत्त्यांची वही करायची, तर नवरा-बायकोची नोंद करायची कशी? एका कार्डावर दोघं, की दोघांची दोन कार्डं? एकच केलं तर कोणाच्या नावानं? आणि दोन केली तर घरचा पत्ता दोनदा लिहायचा का?

हसू नका. आमच्या घराण्याची पत्त्यांची वही नव्यानं करायचं काम यंदा माझ्याकडे आलंय. माहेर चंद्रपूरचं. नातेवाईक इकडे वरोरा-भद्रावतीपासून तिकडे मूल, सिंदेवाही, आरमोरी, वडसा आणि खाली पार आलापल्ली-सिरोंचापर्यंत पसरलेले. पुढची पिढी नागपूर, पुणे आणि परदेशात. कच्चा माल म्हणजे वडिलांच्या दोन जुन्या वह्या, एका लग्नातली आहेराची वही आणि चार जणांच्या फोनमधल्या याद्या. या सगळ्यातून एक यादी करायला बसले, तर एकच जोडपं पाच ठिकाणी पाच नावांनी सापडलं. कुठे 'काका चंद्रपूर', कुठे 'काकू नवीन', कुठे 'श्री. व सौ.', कुठे नुसतं आडनाव आणि पुढे 'घर'. आणि एका फोनमध्ये तर 'काकाकाकू' असा एकच शब्द, जणू ते एकच माणूस आहे :)

आधी वाटलं, हा तांत्रिक प्रश्न आहे. मग लक्षात आलं की याद्यांमध्ये जोडप्याचं काय करायचं, हा प्रश्न फोनच्या खूप आधीपासूनचा आहे, आणि आमच्या दोन जंगली जिल्ह्यांत तर त्याचा चांगला इतिहासच आहे. म्हणून हा लेख.

वडिलांच्या पहिल्या वहीपासून सुरुवात करते. तिच्यात पत्त्याच्या शेवटी 'जि. चांदा' असं आहे. चांद्याचं चंद्रपूर झालं १९६४ साली, मग तिथे वेगळ्या शाईनं 'चंद्रपूर'. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, की समासात सहा आकडे आले. (ही पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी.) २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, आणि वैनगंगेपलीकडच्या सगळ्या नातेवाइकांचा जिल्हा पुन्हा एकदा खोडला गेला. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन शहरांच्या पिनकोडाचे पहिले तीन आकडे मात्र ४४२ च राहिले. सरकारनं घर वेगळं केलं, टपालानं नाही!

म्हणजे माणसं जागची हलली नाहीत आणि पत्ता तीनदा बदलला. वहीनं हे सगळं निमूटपणे पचवलं. पत्ता खोडायला वहीत जागा होती. नाव घालायला मात्र नव्हती. कारण एका घराला एक नोंद, आणि नोंदीच्या डोक्यावर एक नाव: घरातल्या कर्त्या पुरुषाचं. फार झालं तर 'श्री. व सौ.'.

हे तेव्हा चुकीचं होतं का? मला नाही वाटत. आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण 'चूलबंद' देतात. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटता कामा नये, सगळ्यांनी जेवायला यायचं. आमंत्रण माणसाला नसून चुलीला असतं. वडिलांची वही ही अशीच चुलींची यादी होती. पत्र घराला यायचं. पुढे फोन आला तोही बैठकीच्या खोलीत, कोनाड्यात, वर क्रोशाचं झाकण घालून. तो घराचा फोन होता. तो उचलणारा कोण हे महत्त्वाचं नव्हतं. चूल हा एकक असेल, तर एका चुलीला एक ओळ पुरते.

पण एक ओळ पुरते असं आपण म्हणतो, तेव्हा त्या ओळीत न मावलेलं माणूस कुठे जातं हेही बघायला हवं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण घराबाहेरचं आहे, देशाच्या यादीतलं.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक. मतदारयादी करायला माणसं दारोदार गेली, तर कितीतरी ठिकाणी बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढंच. परक्या पुरुषाला नाव सांगायचं नाही ही रीत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की असं चालणार नाही, मतदाराला स्वतःचं नाव हवं. शेवटी सुमारे आठ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळजवळ अठ्ठावीस लाख जणींची नावं यादीतून गळली. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या. आपला चांदा जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता, आणि मध्य भारत हे तेव्हाचं वेगळंच राज्य, त्यामुळे हा आकडा आपल्या माथी मारता येत नाही. पण 'अमक्याची बायको' ही नोंद आपल्याला परकी आहे असंही म्हणवत नाही. आहेराच्या वहीत बघा, फोनमध्ये बघा. 'मिसेस अमुक', 'अमुकची वाइफ'. मी स्वतः सासरच्या दोन-तीन फोनांमध्ये 'पुण्याची सून' आहे. प्रेमानं आहे, पण आहे.

सुकुमार सेनांचा निर्णय कठोर होता. त्या अठ्ठावीस लाख जणींचं त्या वेळचं मत गेलं. पण त्यामागचं तत्त्व मला पटतं: नात्यानं ओळखता येणारं माणूस हे नोंदवलेलं माणूस नव्हे. नातं बदलतं, संपतं, आणि नोंद हवेत लटकते.

आता आपल्या मराठी नावाची घडण बघू. आपण सौ., श्रीमती, गं. भा. अशी बिरुदं लावतो. पुरुषाचं 'श्री.' मुंजीपासून शेवटपर्यंत तेच. बाईचं बिरुद मात्र नवऱ्याच्या तब्येतीवर अवलंबून! २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्यात विधवांसाठी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरावा असा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा केवढा विरोध झाला होता. पत्त्यांच्या वहीच्या दृष्टीनंही ही बिरुदं अडचणीचीच. संगणकाला अक्षरानुक्रम लावायला सांगितला, की बिरुद नावातच लिहिलेल्या सगळ्या बायका 'स' खाली एका रांगेत उभ्या राहतात. सौ., सौ., सौ., सौ. हळदीकुंकवाला जमल्यासारख्या.

शिवाय लग्नात नाव बदलायचं. ताटात तांदूळ पसरायचे आणि नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहायचं. वरोऱ्याच्या आनंदवनाच्या साधनाताई आमटे माहेरच्या इंदू घुले. १९४६ साली लग्न झालं आणि त्या साधना झाल्या. नाव बदललं, आडनाव बदललं, मधलं नाव बदललं. जुन्या वहीत इंदू घुले शोधणाऱ्या मैत्रिणीला साधना आमटे कशी सापडावी? पुरुषाचा जिल्हा बदलतो, बाईचं सगळं नावच बदलतं. तरी आपण म्हणतो, बायका संपर्क ठेवत नाहीत.

आमटे कुटुंबाचा विषय निघालाच आहे तर सांगते, जोडप्यांची नोंद कशी करावी हा प्रश्न जगासमोर मांडावा, तर तो आमच्याच जिल्ह्यांनी. जोडीनं काम करणारी इतकी माणसं इथे आली, की पुरस्कार देणाऱ्यांनाही ठरवावं लागलं: एक की दोन?

१९८५ चा मॅगसेसे पुरस्कार बाबा आमटे यांना मिळाला, एकट्यांना. आनंदवन मात्र १९४९ पासून दोघांनी मिळून उभं केलेलं. पुढे १९७३ च्या डिसेंबरात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पासाठी गेले. दोघंही डॉक्टर, दोघंही त्याच झोपडीत, तेच रुग्ण तपासणारे. २००२ ची पद्मश्री डॉ. प्रकाश यांच्या नावे आहे. २००८ चा मॅगसेसे मात्र दोघांच्या नावांनी. आणि २०१४ साली त्यांच्यावर सिनेमा आला, त्याचं नाव 'डॉ. प्रकाश बाबा आमटे : द रिअल हिरो'. सिनेमाच्या आत मंदाताई भरपूर आहेत, नावात नाहीत. यात कोणाला दोष द्यायचा नाही, प्रत्येक यादीचा आपला नियम असतो. पण तीच दोन माणसं, तेच काम, आणि तीन याद्यांत तीन तऱ्हा.

दुसरं जोडपं गडचिरोलीच्या 'सर्च'चं, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग. १९८६ साली त्यांनी संस्था सुरू केली. २००३ चा महाराष्ट्र भूषण दोघांना मिळून. २०१८ ची पद्मश्रीही दोघांना मिळून, आणि तिथे सरकारी यादीचा हिशोब मजेशीर आहे: जोडीला दिलेला पुरस्कार मोजायचा एकच. दोन नावं, मोजणी एक. आमच्या 'काकाकाकू' कार्डाचं हे दिल्लीतलं रूप म्हणा ना.

पण मला जास्त आवडतो तो वैद्यकीय संशोधनाच्या सूचीचा नियम. तिथे पदवी नाही, बिरुद नाही, नातं नाही. फक्त आडनाव आणि आद्याक्षरं. 'लॅन्सेट' या साप्ताहिकात १९८९ साली गडचिरोलीतल्या दोन गावांच्या ६५० स्त्रियांच्या तपासणीवरचा निबंध आला. ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता, हे त्यातून जगाला कळलं. त्याच्या लेखकांत पहिलं नाव राणी बंग यांचं, दुसरं अभय बंग यांचं. १९९९ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये घरोघरच्या नवजात बाळांच्या काळजीवरचा निबंध आला, ज्या प्रयोगात नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. तिथे पहिलं नाव अभय बंग यांचं, दुसरं राणी बंग यांचं. ज्या कामात जो पुढे, त्याचं नाव पुढे. दोघांची नोंद स्वतंत्र, आणि तरी सूचीत एकाखाली एक, कारण आडनाव एक. जोडपं लपत नाही आणि माणूसही लपत नाही. सुंदर!

आडनाव एक नसलं तर? कुरखेड्याला 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' या संस्थेचं काम करणारे डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख हे जोडपं घ्या. अक्षरानुक्रमात एक 'ग' मध्ये, एक 'द' मध्ये. ही दोघं एका घरची आहेत हे यादी पाहून कळणारच नाही. आणि आडनावच नसलं तर? चंद्रपूरच्या 'वृक्षमित्र'चे मोहन हिराबाई हिरालाल यांनी आडनाव टाकून आईचं आणि वडिलांचं नाव लावलं. कॉम्प्युटरच्या 'आडनाव' या रकान्यात काय भरायचं? हिरालाल हे आडनाव नाही, हिराबाई हे मधलं नाव नाही. एका माणसानं आपल्या आईला नावात जागा दिली, तर जगभरचे फॉर्म गोंधळले. आता मात्र हा गोंधळ रोजचा होणार आहे, कारण १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र सरकारनं आईचं नाव लावणं बंधनकारक केलंय: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आमच्या वहीत या नियमातलं पहिलं नातवंड आलंसुद्धा.

खाली सिरोंच्याकडे गेलात की तेलुगू घरं. तिथे घराण्याचं नाव आधी, माणसाचं नंतर. मुलचेरा-चामोर्शीकडे बंगाली वस्त्या. भामरागड-एटापल्लीकडे माडिया. एका जिल्ह्यात नाव लिहायच्या इतक्या रीती, की 'पहिलं नाव, मधलं नाव, शेवटचं नाव' हे तीन डबे इथे पुरणारच नाहीत.

आता ज्या यादीसाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगल. तिथे पिढ्यान् पिढ्या जमीन कसणाऱ्यांच्या नावावर जमीन नव्हती, ते सरकारदरबारी अतिक्रमणदार. २००६ साली संसदेनं वनहक्क कायदा केला आणि १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. त्या कायद्याच्या कलम ४ मध्ये चौथं पोटकलम आहे. त्याचा अर्थ असा: हा हक्क वारसाला मिळेल, पण विकता येणार नाही, आणि दावेदार विवाहित असेल तर तो पती-पत्नी दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवायचा. एकट्या माणसाचं कुटुंब असेल, तर त्या एकाच्या किंवा एकीच्या नावे.

वैयक्तिक दाव्याचा अर्ज कधी पाहिलाय? दावेदाराचं नाव, जोडीदाराचं नाव, वडील किंवा आईचं नाव, पत्ता, गाव, ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा. अरे, हे तर पत्त्यांच्या वहीचंच कार्ड! फक्त इथे रकाना चुकला, तर फोन चुकून दुसरीकडे लागण्यावर भागत नाही. पायाखालची जमीन जाते. नवरा गेला, दुसरं घर केलं, दिरानं हक्क सांगितला, तर त्या कागदावर बाईचं नाव आहे की नाही एवढाच प्रश्न उरतो. 'व सौ.' असं लिहून तिथे भागत नाही. तिचं स्वतःचं नाव लागतं.

महाराष्ट्रात ही मागणी आधीपासूनची. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ साली चांदवडला महिलांचं मोठं अधिवेशन भरवलं, आणि नंतर 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली: शेतकऱ्यांनो, आपण होऊन जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करा. कितीतरी गावांनी ते केलं. पण ते नवऱ्याच्या मर्जीचं होतं. वनहक्काच्या कागदावर दुसरं नाव मर्जीनं येत नाही, कायद्यानं येतं. सातबाऱ्याच्या शंभर वर्षांच्या सवयीला जंगलातल्या कागदानं दिलेलं हे उत्तर आहे, असं मला वाटतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या काही गावांत. तिथला हक्क कुणा एकाच्या नावे नाही, ग्रामसभेच्या आहे. आणि त्या ग्रामसभेची रीत अशी की घरटी किमान एक बाई आणि एक पुरुष असायला हवा. म्हणजे गाव हा एक गट, घर हे एक घर, पण हजेरी माणसांची. चूल एक असली, तरी तोंडं दोन मोजायची.

हे एवढं समजल्यावर मी पुन्हा फोनकडे वळले, आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांचा प्रवासही असाच झालेला दिसला. फोनमधली नोंद एकीकडून दुसरीकडे पाठवायचा जो सर्वमान्य साचा आहे, त्याला 'व्हीकार्ड' म्हणतात. १९९६ च्या सुमाराचा त्याचा साचा, मग १९९८ ची तिसरी आवृत्ती. त्यांत कार्ड म्हणजे खिशातलं व्हिजिटिंग कार्ड. नाव, हुद्दा, कंपनी, फोन. जोडीदाराला जागाच नाही. काही कंपन्यांनी आपापल्या प्रोग्रॅममध्ये 'स्पाउस' असा रकाना जोडला, पण तिथे नुसतं नाव टंकायचं. ना नंबर, ना पत्ता. पुन्हा 'व सौ.' च!

ऑगस्ट २०११ मध्ये चौथी आवृत्ती आली, तेव्हा दोन चांगल्या गोष्टी झाल्या. एक, कार्ड कशाचं आहे हे सांगता येऊ लागलं: व्यक्तीचं, गटाचं, संस्थेचं की जागेचं. दोन, एका कार्डातून दुसऱ्या कार्डाकडे नात्याचा धागा बांधता येऊ लागला. नात्यांची यादीही दिलीय. त्यात जोडीदार आहे, आईबाप आहेत, शेजारी आहे, इतकंच काय 'जिच्यावर मन बसलंय ती' सुद्धा आहे! पण वहिनी, जाऊ, नणंद, साडू, विहीण, व्याही या सगळ्यांना मिळून शब्द एकच, 'नातलग'. साहेबाची गरिबी, दुसरं काय.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवण्यासारखा. हा धागा एकेरी असतो. नवऱ्याच्या कार्डात बायको लिहिली, तरी बायकोच्या कार्डात नवरा आपोआप येत नाही. आणि विचार केला तर मराठी नावही असंच एकेरी आहे. बायकोच्या मधल्या नावात नवरा असतो, त्यामुळे नवऱ्याचं नाव शोधलं की दोघं सापडतात. बायकोचं नाव शोधलं तर एकटी तीच. धागा तिच्या बाजूनंच बांधलेला.

याचं काय होतं ते आमच्याच घरात पाहिलं. आमच्या एका काकांचा नंबर घरातल्या सगळ्यांकडे होता. काका गेले. त्यांचं सिम काही महिन्यांनी रिचार्जअभावी बंद पडलं. नंतर घरात एक लग्न निघालं, मंडळींनी यादी काढून फोन केले, काकांच्या नंबरवर 'हा क्रमांक अस्तित्वात नाही'. काकू लग्नाला आल्या नाहीत. रुसल्या असतील, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्यांच्याकडे दोन वर्षांपासून स्वतःचा फोन होता. तो नंबर भजनी मंडळाच्या बायकांकडे होता, दूधवाल्याकडे होता, नातेवाइकांत कोणाकडेच नव्हता. तिकडे काकूही म्हणत होत्या, "तुमचे काका होते तवर मी होती. आता कोन इचारते?" कोणी मुद्दाम काही केलं नव्हतं. यादीत त्या 'व सौ.' होत्या. श्री. गेले, तशी ती ओळच गेली.

तर आता माझी पद्धत सांगते. तंत्रज्ञ मंडळींना यात नवल वाटणार नाही, पण आपल्या घरांसाठी लिहिते.

पहिलं, एका माणसाला एक कार्ड. नवऱ्याला एक, बायकोला एक. मग तिचा वेगळा फोन असो वा नसो. नंबर नाही म्हणून माणूस यादीतून काढायचं नाही.

दुसरं, जोडपं म्हणजे कार्ड नव्हे, दोन कार्डांमधला धागा. नात्याच्या रकान्यात दोन्हीकडे एकमेकांची नावं भरायची. लग्नाची तारीखही दोन्हीकडे, नाहीतर शुभेच्छा एकालाच जातात.

तिसरं, घर वेगळं नोंदवायचं. मी प्रत्येक घराला एक गट, म्हणजे लेबल, केलंय: गाव आणि घराची ओळख. जुन्या वहीतली चूल ती हीच. आमंत्रण पाठवायचं तर गट उघडायचा, एकच पत्रिका जाते. पत्ता मात्र दोन्ही कार्डांवर लिहायचा. दोनदा टंकण्याचा आळस करू नये. दोघांपैकी एक मुलाकडे पुण्याला गेलं, तर त्याचाच पत्ता बदलता येतो.

चौथं, सामाईक नंबर. बऱ्याच घरांत अजून एकच फोन दोघं वापरतात. तो नंबर दोन्ही कार्डांवर टाकते आणि पुढे 'घर' असं लिहिते. मग काही फोन विचारतात, ही दोन कार्डं एकाच माणसाची दिसतात, जोडून टाकू का? नाही म्हणायचं. आणि भामरागडकडच्या घरांना शक्य तर दोघांचे दोन नंबर घ्यायचे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, आणि एका कंपनीची रेंज गेली तर दुसरीची असते.

पाचवं, बिरुदांचा रकाना रिकामा. सौ. नाही, श्रीमती नाही, श्री. सुद्धा नाही. पत्रिका छापताना ज्यांना लावायचं त्यांनी खुशाल लावावं, पण वहीत नाही. एखादीचं बिरुद खोडायची वेळ आपल्यावर का यावी?

सहावं, बाईचं माहेरचं नाव टोपणनावाच्या रकान्यात. शाळेतली मैत्रीण शोधेल तर सापडेल. आणि ज्यांनी नाव बदललं नाही, त्यांचं आहे तसं. सिरोंच्याकडच्या नावांत घराण्याचं नाव आधी, आणि तीन डब्यांत न बसणारं नाव पूर्ण एका ओळीत. नावानं रकान्यापुढे वाकायचं नाही.

सातवं, माणूस गेलं तरी त्याचं कार्ड पुसायचं नाही. नंबर काढायचा, साल लिहायचं, धागा राहू द्यायचा. आणि जोडी मोडली असेल, तर फक्त धागा सोडवायचा. दोन्ही माणसं यादीत आपापल्या जागी राहतात, कोणालाही घराबाहेर काढावं लागत नाही. एका कार्डावर दोघं असती तर कात्री कुठून चालवली असती?

एवढं करून आमची यादी जवळजवळ दुप्पट झालीय. घरं तेवढीच आहेत, माणसं वाढली. खरं म्हणजे माणसंही तेवढीच होती, फक्त मोजली नव्हती.

तेव्हा नातेवाईक मंडळी, एक विनंती. काका, मामाजी, भाऊजी, तुम्ही सगळ्यांनी नंबर पाठवलेत, धन्यवाद. आता घरातल्या बाईमाणसांनी आपापलं नाव, स्वतःला हवं तसं लिहून, आपल्या हातानं पाठवावं. माहेरचं लावायचं तर माहेरचं, दोन्ही लावायची तर दोन्ही, नुसतं नाव पुरे वाटलं तर नुसतं नाव. आणि पुढच्या वेळी "काकू कशा आहेत?" असं काकांना विचारू नका. काकूंचा नंबर आता यादीत आहे. त्यांनाच लावा.